'स्केअर' आणि 'स्केअर ऑफ' : एका अव्ययाचा अभ्यास

'स्केअर' म्हणजे घाबरवणे, हे आठवीतला मुलगाही सांगेल. 'ऑफ' म्हणजे काय असे विचारले, तर तो दिव्याच्या बटणाकडे बोट दाखवील. पण 'स्केअर ऑफ' असे जोडून लिहिले की पदवीच्या वर्गातही उत्तर पुन्हा 'घाबरवणे' असेच येते. बाजारातल्या मार्गदर्शिका उघडून पाहाव्यात. 'स्केअर ऑफ', 'स्केअर अवे', 'फ्राइटन ऑफ' या तिन्हींपुढे एकच मराठी शब्द छापलेला आढळतो आणि विद्यार्थी तो तीनदा पाठ करतो. ज्या पाठांतराने काहीच वेगळे कळत नाही, ते पाठांतर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरले गेले तर दोष कोणाचा?

प्रस्तुत लेखात एवढेच दाखवावयाचे आहे, की 'ऑफ' हे क्रियापदाला चिकटलेले शेपूट नव्हे. वाक्याचा अर्धा अर्थ त्यात असतो. आणि तो समजून घ्यायला लागणारे व्याकरण आपण मराठी मुले लहानपणापासून बोलत आलो आहोत. फक्त तिकडे आपले लक्ष नसते.

प्रथम दोन साधी वाक्ये घेऊ. 'द डॉग स्केअर्ड द थीफ' म्हणजे कुत्र्याने चोराला घाबरवले. चोर घाबरला हे खरे, पण पुढे त्याचे काय झाले? तो तेथेच थिजून उभा असेल, कंपाउंडच्या भिंतीवर चढून बसला असेल, कदाचित हातातली सळई घेऊन कुत्र्याच्या अंगावर धावलाही असेल. वाक्य त्याविषयी काहीच बोलत नाही. आता दुसरे वाक्य पाहा : 'द डॉग स्केअर्ड द थीफ ऑफ'. येथे चोर गेला. घर वाचले. कुत्र्याने चोराला भिववून पळवून लावले. पहिल्या वाक्यात भीती हा शेवट आहे, दुसऱ्यात ती केवळ साधन आहे. साधन कोणते हे क्रियापद सांगते आणि परिणाम काय झाला हे अव्यय सांगते.

हीच गोष्ट मराठीत कशी होते? आपण म्हणतो : हुसकून लावणे, पिटाळून लावणे, हाकलून लावणे, पळवून लावणे. यात 'हुसकून', 'पिटाळून', 'हाकलून' ही झाली साधने आणि 'लावणे' हा परिणाम. शाळेत आपण संयुक्त क्रियापदाचा धडा शिकलो तेव्हा धातुसाधित आणि साहाय्यक क्रियापद अशी फोड करून गुण मिळवले, पण हे 'लावणे' तेथे नेमके काय करते असे कोणी विचारले नाही. 'वाटेला लावणे' हा वाक्प्रचार आठवला की ते उलगडते. लावणे म्हणजे वाटेला लावणे. समोरच्याला आपल्या दारातून उचलून त्याच्या रस्त्यावर नेऊन सोडणे. इंग्रजीतले 'ऑफ' नेमके हेच काम करते.

हे 'लावणे' किती महत्त्वाचे आहे, ते काढून टाकून पाहावे. 'चोराला पळवून लावले' आणि 'चोराला पळवले' ही वाक्ये सारखी नाहीत. 'पळवले' म्हटल्यावर कोणी त्याला कोठडीतून पळून जायला मदत केली, असाही अर्थ होतो. मूल पळवणे म्हणजे तर अपहरण. एका साहाय्यक क्रियापदाने रक्षण आणि गुन्हा यांची अदलाबदल होते. तेव्हा 'इंग्रजांनी अव्ययांचा नुसता घोळ घालून ठेवला आहे' अशी तक्रार करण्याआधी आपण आपल्या घरातला हा घोळ पाहावा.

येथे एक सापळाही आहे. 'घाबरवून सोडणे' हे संयुक्त क्रियापद दिसायला 'स्केअर ऑफ'सारखेच आहे. सोडणे म्हणजे मोकळे करणे, जाऊ देणे, तेव्हा 'घाबरवून सोडले' म्हणजे 'घाबरवून घालवले' असे कोणालाही वाटावे. पण तसे नाही. 'त्या भुताच्या गोष्टीने मुलांना अगदी घाबरवून सोडले' असे आपण म्हणतो तेव्हा मुले कोठेही गेलेली नसतात, उलट ती आजीला अधिकच बिलगलेली असतात. येथील 'सोडणे' म्हणजे पुरतेपणा, परिसीमा. त्याला इंग्रजीत 'स्केअर द लाइफ आउट ऑफ' अशासारखे शब्द लागतील, 'स्केअर ऑफ' चालणार नाही. मार्गदर्शिकेत हा भेद कधी सापडणार नाही. तो आपल्या कानालाच माहीत असतो.

मग इतके सगळे माहीत असूनही 'ऑफ' आपल्या हातून का निसटते? याचे कारण मला शब्दांच्या क्रमात दिसते. मराठी वाक्यात वजन शेवटी असते. 'हुसकून' हे आधी येते, पण काळ, लिंग, वचन सारे 'लावले' या शेवटच्या शब्दावर चढते. म्हणजे परिणाम हा क्रियापदाच्या सिंहासनावर बसलेला असतो आणि साधन त्याच्यापुढे चोपदारासारखे चालते. इंग्रजीत नेमके उलट. तेथे काळाचा प्रत्यय साधनाला लागतो, 'स्केअर्ड' असा. परिणाम बिचारा 'ऑफ' या दोन-तीन अक्षरांत मागून येतो. आपली नजर सवयीने क्रियापद शोधते, ते सापडले की समाधान पावते आणि मागच्या अव्ययाकडे पाहतही नाही. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड टाल्मी यांनी क्रियापदाभोवती फिरणाऱ्या अशा शब्दांना 'सॅटेलाइट' म्हणजे उपग्रह असे नाव दिले आहे. जगातल्या काही भाषा हालचालीची दिशा मुख्य क्रियापदात सांगतात आणि काही या उपग्रहांत सांगतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. इंग्रजी दुसऱ्या गटातली. तेव्हा इंग्रजी वाचताना उपग्रहावर नजर ठेवावी लागते.

हा सारा काथ्याकूट केवळ पेपरापुरता आहे असे कोणास वाटेल. पण आपण ज्या उपनगरात राहतो तेथे या भेदाला फार मोठा अर्थ आहे. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभराहून काही अधिक चौरस किलोमीटरचे आहे. त्याची एक बाजू बोरिवलीला, दुसरी मुलुंड-ठाण्याला आणि खालची आरे वसाहतीला भिडते. या जंगलात बिबटे आहेत आणि जंगलाच्या कडेला आपण आहोत. जानेवारी २०१८ मध्ये मुलुंड पूर्वेच्या नानेपाडा भागात एक बिबट्या वस्तीत शिरला. काही माणसे जखमी झाली आणि शेवटी वनखात्याने त्याला बेशुद्ध करून पकडले. अशा प्रसंगी वनखात्याचे लोक आणि प्राण्यांचे अभ्यासक नेहमी एकच गोष्ट सांगतात : गर्दी करू नका, त्याला घेरू नका, त्याची परतीची वाट मोकळी ठेवा.

आता आपल्या दोन वाक्यांकडे पुन्हा या. आरडाओरडा करणारा, थाळ्या वाजवणारा, मोबाइल उंच धरून पुढे सरसावणारा जमाव बिबट्याला 'स्केअर' करीत असतो यात शंका नाही. पण चारी बाजूंनी माणसे उभी राहिली, तर तो 'स्केअर ऑफ' कसा होणार? जायला वाटच नसेल तर त्या वाक्यात 'ऑफ' येऊ शकत नाही. भ्यालेला आणि कोंडलेला प्राणी मग एकच करू शकतो, अंगावर येतो. 'ऑफ' म्हणजे मोकळी ठेवलेली वाट. ही व्याख्या कोणत्याही शब्दकोशात मिळणार नाही, पण मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या माणसाने ती पाठ करण्याजोगी आहे. इंग्रजी वर्तमानपत्रातल्या बातमीत 'रहिवाशांनी बिबट्याला स्केअर ऑफ केले' अशा अर्थाचे वाक्य असेल आणि भाषांतरकाराने 'रहिवाशांनी बिबट्याला घाबरवले' एवढेच लिहिले, तर वाचकाला सर्वांत महत्त्वाची गोष्ट कळणारच नाही : बिबट्या गेला की अजून जिन्याखाली बसला आहे?

'ऑफ' निघून जाणे सांगते, पण कोठे गेला हे मात्र सांगत नाही. आपले 'पिटाळून लावणे'ही सांगत नाही. जुन्नर परिसरात २००१ नंतरच्या काही वर्षांत उसाच्या शेतांत राहणारे बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की त्यानंतर माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले, आणि जेथे बिबटे सोडले त्या भागांजवळही ते होऊ लागले. एका गावातून घालवलेली गोष्ट दुसऱ्या गावाच्या दारात जाते. अव्ययाच्या अभ्यासात हे थोडे विषयांतर झाले, पण राहवले नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये आरे वसाहतीत घडलेला प्रसंग अनेकांनी पाहिला असेल, कारण तो कॅमेऱ्यात टिपला गेला होता. हातात काठी असलेली एक वयस्क स्त्री अंगणात ओट्यावर टेकली असता मागून बिबट्याने झडप घातली. त्या खाली पडल्या, पण त्यांनी काठीचे तडाखे दिले आणि बिबट्या मागे फिरला. इंग्रजीत याला 'स्केअर ऑफ' म्हणण्यापेक्षा 'फाइट ऑफ' म्हणणे बरोबर. परिणाम एकच, 'ऑफ', पण साधन वेगळे. तेथे भीती दाखवणे नव्हते, झुंज होती. या जोडीवरून पुढचे सगळे कुटुंब ओळखता येते. 'ड्राइव्ह ऑफ' म्हणजे हाकलून लावणे, 'बीट ऑफ' म्हणजे मारून परतवणे, 'वॉर्ड ऑफ' म्हणजे वार किंवा संकट अंगाबाहेर परतवणे. अव्यय स्थिर ठेवावे आणि क्रियापद बदलीत जावे. मराठीतही आपण 'लावणे' स्थिर ठेवून 'हुसकून', 'पिटाळून' बदलतो. यादी पाठ करण्यापेक्षा ही रीत पुष्कळ सोपी आहे.

'अवे' आणि 'ऑफ' यांत फरक आहे का? पुष्कळदा नाही. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा राखणदार पाखरांना 'स्केअर अवे' करतो असे म्हणा की 'स्केअर ऑफ' करतो म्हणा, दोन्ही बरोबर. (गोफणीचा दगड पाखरू मारण्यासाठी नसतो, थवा उठवण्यासाठी असतो, हेही ध्यानात घ्यावे.) तरी 'अवे'मध्ये अंतर अधिक जाणवते, दूर जाणे. 'ऑफ'मध्ये सुटणे जाणवते, धरलेली गोष्ट सोडणे. त्यामुळे जो अजून आलेलाच नाही, पण यायच्या बेतात होता, त्याच्यासाठी इंग्रज माणूस सहसा 'ऑफ' वापरतो.

हा दुसरा उपयोग आपल्याला अधिक अवघड जातो. घाटकोपरला किंवा अंधेरीला भाड्याची खोली शोधणाऱ्या माणसाला अनामत रकमेचा आकडा सांगितला जातो आणि तो जिना उतरू लागतो. इंग्रजीत म्हणतील, 'द डिपॉझिट स्केअर्ड हिम ऑफ'. याचे शब्दशः मराठी करून पाहा : 'अनामत रकमेने त्याला भिववून पळवून लावले.' असे कोण बोलेल? आपल्या भाषेत निर्जीव वस्तू इतक्या सहजासहजी कर्ता होऊन माणसाला पिटाळीत नाही. आपण म्हणतो, 'डिपॉझिटचा आकडा ऐकूनच तो बिचकला आणि परत फिरला.' भिणारा हा कर्ता होतो आणि भीतीचे कारण 'ऐकून', 'पाहून' अशा धातुसाधितात जाऊन बसते. एवीतेवी भीतीच्या बाबतीत मराठी माणूस स्वतःलाही पूर्ण कर्ता मानीत नाही. 'मला भीती वाटते' असे म्हणतो, जणू भीतीच येऊन त्याला भेटते. तेव्हा अशा वाक्याचे भाषांतर करताना कर्ता बदलावा आणि 'ऑफ'साठी 'मागे फिरला', 'नाद सोडला', 'पाऊल मागे घेतले' यांतले प्रसंगाला शोभेल ते घ्यावे. 'घाबरला' एवढ्यावर थांबू नये.

कारण घाबरणे आणि मागे फिरणे या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी पहिलीतून घडलीच पाहिजे असे नाही. मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेल्या ज्या मुलांच्या घरात इंग्रजी पुस्तक कधी आले नाही, ती सर्व मुले पहिल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला घाबरतात. त्यांना 'स्केअर्ड' म्हणावे. त्यांतली काही, विषय निवडण्याची वेळ आली की इंग्रजी वाङ्मयाच्या यादीत नावच घालीत नाहीत. ती 'स्केअर्ड ऑफ'. बाकीची भीत भीत का होईना, वर्गात बसून राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांच्या चेहऱ्यावर सारखीच भीती दिसते. फरक आहे तो अव्ययाचा. प्राध्यापकांनी याचा विचार करावा असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. मुलांची भीती एका वर्षात जाणार नाही. पण तिला 'ऑफ' लागणार नाही एवढे पाहता येण्यासारखे आहे.

याच ठिकाणी एक जुळे अव्यय आडवे येते. 'स्केअर्ड ऑफ' हे आपण देवनागरीत लिहिले, तर ते कोणते? 'ही वॉज स्केअर्ड ऑफ द डॉग', म्हणजे तो कुत्र्याला भीत असे. तेथे एक एफ असलेले शब्दयोगी अव्यय आहे. 'ही वॉज स्केअर्ड ऑफ बाय द डॉग', म्हणजे कुत्र्याने त्याला पळवून लावले. येथे दोन एफ असलेले अव्यय आहे आणि त्यामागे 'बाय' आले आहे. इंग्रज माणसाच्या तोंडी पहिल्याचा उच्चार 'ऑव्ह' किंवा नुसता 'अव्ह' होतो, दुसऱ्याचा स्पष्ट 'ऑफ'. आपण मात्र दोन्ही एकच करून टाकले आहेत. 'बँक ऑफ इंडिया' ही पाटी आणि 'लाइट ऑफ कर' ही आज्ञा, दोन्हींत 'ऑफ'. अर्थात यात आपला फार मोठा अपराध नाही. इंग्रजीतही मुळात हा एकच शब्द होता. जोर देऊन म्हटला की एक रूप, सैल म्हटला की दुसरे. सतराव्या शतकाच्या सुमारास ही दोन रूपे लेखनात आणि अर्थात पक्की वेगळी झाली. 'पासून दूर' हा मूळ अर्थ दोन एफवाल्याने राखला, एक एफवाला षष्ठीच्या संसारात रमला.

'स्केअर'ला आणखीही अव्यये लागतात. 'स्केअर इंटू' म्हणजे धाक दाखवून एखादी गोष्ट करायला लावणे आणि 'स्केअर आउट ऑफ' म्हणजे धाकाने ती करण्यापासून परावृत्त करणे. यांत विशेष अवघड काही नाही. 'स्केअर अप' मात्र मौजेचे आहे. अमेरिकेत 'स्केअर अप सम सपर' असे कोणी म्हटले, तर त्याचा अर्थ कोणाला घाबरवणे असा मुळीच नाही. इकडून तिकडून शोधून, जमवाजमव करून चार घास उभे करणे असा आहे. हा अर्थ शिकारीतून आला. झुडपात दडलेली पाखरे आवाज करून उठवायची म्हणजे ती वर उडतात आणि शिकाऱ्याला मिळतात. आपल्याकडेही शिकारीत हाकारे घालीत आणि जनावर उठवीत. 'एखाद्याविरुद्ध रान उठवणे' हा वाक्प्रचार त्याच हाकाऱ्यातून निघाला असावा असा माझा तर्क आहे. 'ऑफ'ने भीती शिकार घालवते आणि 'अप'ने भीती शिकार मिळवून देते. क्रियापद एकच आहे.

शब्दांच्या कुळाकडे पाहिले तर 'स्केअर' हा स्कँडिनेव्हियातून आलेला शब्द आहे. प्राचीन नॉर्स भाषेत 'बुजरा' या अर्थाचे विशेषण होते, त्याच्याशी त्याचे नाते आहे. योगायोग असा, की 'स्केअरक्रो'ला आपणही 'बुजगावणे' म्हणतो. इंग्रजीने नावात कावळा घातला, आपण पाखराचे नाव न घेता फक्त बुजणे ठेवले. बैल बुजतो, घोडा बुजतो, तेच हे बुजणे.

पण खरी गंमत 'डिटर' या भारदस्त शब्दात आहे. राज्यशास्त्राच्या पुस्तकात 'डिटरन्स' येतो, कायद्याच्या बातमीत 'डिटरंट' शिक्षा येते. आपण त्याला जरब म्हणतो. हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याची फोड 'डे' आणि 'टेरेरे' अशी आहे. 'टेरेरे' म्हणजे भिवविणे आणि 'डे' म्हणजे पासून दूर. म्हणजेच 'स्केअर ऑफ'. फक्त लॅटिनने अव्यय पुढे जोडले आणि इंग्रजीने मागे ठेवले. उपसर्ग पुढे जोडण्याची ही पद्धत संस्कृत जाणणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला परकी वाटू नये. शिवाय त्या 'टेरेरे'चा, म्हणजे 'टेरर'चा, मूळ धातू आणि संस्कृत 'त्रस्' हा धातू एकाच घराण्यातले आहेत असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. 'त्रस्' म्हणजे थरथरणे, भिणे. त्यावरूनच 'त्रास'. संस्कृतात त्रास म्हणजे भय होते. मराठीत येईपर्यंत ते भय इतके झिजले, की आता शेजाऱ्याच्या रेडिओचाही आपल्याला त्रास होतो.

एक नियम सांगावयाचा राहिला. कर्म नाम असेल तर ते 'ऑफ'च्या आधी किंवा नंतर कोठेही चालते : 'स्केअर द डॉग ऑफ' किंवा 'स्केअर ऑफ द डॉग'. पण कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच आले पाहिजे : 'स्केअर इट ऑफ'. 'स्केअर ऑफ इट' असे लिहू नये. मोठे नाम शेवटपर्यंत थांबू शकते, लहानशा सर्वनामाला मात्र क्रियापदाचे बोट सोडवत नाही. अव्यय शेवटी एकटे उरते, आणि बोलताना जोर नेमका त्याच्यावर पडतो.